किलहोमनच्या तीन, कुंकळ्ळीची एक : देवगडच्या पडवीत घेतलेली चव

जांभाचिरा, शनिवार, रात्री 10:40

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. बहीण आणि भावोजी ग्लासगोहून आले. परदेशातून माणशी दोन लिटर दारू आणायची मुभा, म्हणून दोघांनी मिळून व्हिस्कीच्या 700 मिलिलिटरच्या तीन बाटल्या आणल्या. तिन्ही किलहोमनच्या: माकिर बे, सॅनेग आणि 100 टक्के आयला. चौथी मी मुंबईहून घेऊन ठेवली होती, पॉल जॉनची बोल्ड. ती आपल्या शेजारची, गोव्यात कुंकळ्ळीला गाळलेली. चारही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या, फक्त माल्ट केलेल्या (मोड आणून सुकवलेल्या) बार्लीच्या, तांब्याच्या पॉट स्टिलमधून काढलेल्या. आणि चारही धुराच्या.

किलहोमनबद्दल थोडं सांगतो, कारण मला ती जागा मनापासून आवडते. आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं बेट. तिथे ही डिस्टिलरी 2005 साली सुरू झाली. 124 वर्षांत त्या बेटावर नवी डिस्टिलरी उभी राहिली नव्हती. पहिली व्हिस्की बाजारात आली 2009 मध्ये, कारण स्कॉचला किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात काढावीच लागतात. मुळात हे शेत आहे. '100 टक्के आयला' या बाटलीसाठी बार्ली त्यांच्याच शेतातली, ती भिजवून फरशीवर पसरून मोड आणायचे, फावड्याने उलथत राहायचं, पीटच्या (दलदलीत साचलेल्या जळाऊ मातीच्या) धुरावर सुकवायची, गाळायची, पिंपात भरायची, बाटलीही तिथेच भरायची. बाकी दोन बाटल्यांचं माल्ट त्याच बेटावरच्या पोर्ट एलनच्या मोठ्या कारखान्यातून येतं आणि जास्त धुरी दिलेलं असतं. धूर फिनॉलच्या (धुरातून माल्टवर बसणाऱ्या रसायनांच्या) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असा मोजतात. विकतच्या माल्टचा सुमारे 50, घरच्याचा सुमारे 20.

बहिणीने ग्लासांच्या बुडाला आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आतल्या खोलीतून ओतून आणले. प्रत्येकी 15 मिलिलिटर. भावोजी, मी आणि शेजारचे बापूकाका, तिघांनी आपापल्या वहीत लिहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलं.

अर्ध्या तासाने वह्या उघडल्या तर तिघांनी जवळजवळ एकच लिहिलं होतं: व्हॅनिला, लिंबू, टार, सागरी, मधाळ, सुका मेवा. भावोजींनी तर 'हेदर' लिहिलं होतं, जे फूल आम्ही दोघांनी कधी पाहिलेलंही नाही. सगळे शब्द बाटल्यांच्या पाठीवरून आणि व्हिडिओंतून आलेले. मला ते फार लागलं. चार इतक्या वेगळ्या वस्तू समोर आणि आमच्या वह्या एकमेकींच्या नकला.

तेवढ्यात आई तळलेले काजू घेऊन बाहेर आली. ती घेत नाही. सहज एक नंबरचा ग्लास उचलून नाकाशी नेला, जरा थांबली, आणि म्हणाली, "आगोटीला भाजावळ करून ठेवतात आणि राख निवायच्या आत एक सर येऊन जाते. तेव्हा मळ्यात उभं राहिलं की हा वास येतो."

आम्ही तिघं गप्प. ज्यांना भाजावळ माहीत नाही त्यांच्यासाठी: आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, भाताचा तरवा पेरायच्या जागेवर शेण, टहाळं, पातेरा पसरून जाळतात. तो धूर लाकडाच्या चुलीसारखा नसतो. जड असतो, जमिनीजवळ रेंगाळतो, त्यात माती असते. एक नंबर म्हणजे माकिर बे होती.

मग तिला चारही दिले. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवलंय:

माकिर बे: भाजावळ आणि सर. मागाहून ओलं खोबरं.
सॅनेग: "आगळ पाजून उन्हात घातलेली कोकमाची सोलं. खाली कुणीतरी धुरी केलीय."
100 टक्के आयला: "धूर लांबचा, दुसऱ्याच्या मळ्यातला. जवळ नुकतं कांडलेलं धान्य."
बोल्ड: "हे गोड आहे. फणसाचं साठ वाळत घातलंय आणि बाजूला चूल."

यानंतर मी पुन्हा चव घेतली आणि पहिल्यांदाच चारही वेगळ्या कळल्या. म्हणून हा धागा. तुम्ही कुठली सिंगल माल्ट घेत असाल तर तिचे वास आपल्या घरच्या, गावच्या शब्दांत लिहा. बाटलीच्या पाठीवरचे शब्द नकोत.

(महाराष्ट्रात 25 पूर्ण आणि परवाना. हे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो.)

ओहोटी, शनिवार, रात्री 11:15

वाचनखूण साठवली. भाजावळीचं वाचून अंगावर काटा आला. एक विचारायचं होतं: आपल्याकडे मे महिन्यात पडवीत 31-32 अंश असतं. त्यात नुसती व्हिस्की नाकाशी नेली तर फक्त झणका येतो. बर्फ घातला का?

जांभाचिरा, शनिवार, रात्री 11:30

बर्फ अजिबात नाही. बर्फाने वास मिटतो आणि पाणी किती गेलं त्याचा हिशेब राहत नाही. पण तुमचं म्हणणं खरं आहे, या उकाड्यात अल्कोहोल आधी उडतं आणि नाक बधिर होतं. तिकडचे लोक 'खोलीच्या तापमानाला' म्हणतात ती त्यांची खोली, 18-20 अंशांची.

आम्ही बाटल्या विहिरीच्या पाण्याच्या कळशीत मानेपर्यंत तासभर उभ्या ठेवल्या. दुधाचा थर्मामीटर बुडवला तर पाणी 25 होतं. तेवढ्याने फरक पडतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, फार थंड झाली की तासभर काही बोलत नाही.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचे घ्या, तोंडाशी निमुळते. नसेल तर चहाचा काचेचा छोटा ग्लासही रुंद व्हिस्की ग्लासापेक्षा बरा. आणि नाक आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून काठाशी धरायचं.

तांब्याचा हंडा, रविवार, सकाळी 8:05

लोटे एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमध्ये 19 वर्षं काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. तुमच्या आईंचं नाक रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरतं.

धुरातला एक मुख्य वास ग्वायाकोलचा. लाकूड, पाला, काटक्या यांत लिग्निन असतं, ते जळताना फुटून ग्वायाकोल तयार होतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेली शेवाळं आणि झाडोरा, वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर. तो जाळला की लिग्निनचे तेच तुकडे सुटतात. भाजावळीतही कुजका पाला आणि ओलसर टहाळं मंद जळतात. दोन्हीकडे झाडपाला धुमसतो, भडकत नाही. म्हणून चुलीचा वास वेगळा आणि हा वेगळा.

दुसरं, ओलं खोबरं. तो कवितेतला शब्द नव्हे. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन असतात, त्यांना व्हिस्की लॅक्टोन असंच नाव आहे, आणि त्यांचा वास खोबऱ्याचा. माकिर बे मुख्यतः बर्बनच्या (अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या) जुन्या पिंपांत मुरते, बर्बनची पिंपं अमेरिकन ओकची. सॅनेगमध्ये ओलोरोसो शेरीच्या (स्पेनमधल्या एका वाइनच्या) पिंपांचा भाग जास्त. तिथून सुकलेल्या फळांची आंबट-गोड बाजू येते. आईंनी सोलं म्हटलं ते मला मनुकांपेक्षा जास्त पटतं, कारण सोलांत आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही आहेत.

पाण्याबद्दल: 2017 साली स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर हे मांडून पाहिलं होतं. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकोल द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतं. 59 टक्क्यांच्या वर गेलं की ते अल्कोहोलच्या कणांनी घेरलं जाऊन आत ओढलं जातं. म्हणून थोडं पाणी घातल्यावर धूर वर येतो. 100 टक्के आयला 50 टक्क्यांची आहे. 15 मिलिलिटरला दीड मिलिलिटर पाणी घाला, 45 च्या आसपास येईल. औषधाचा ड्रॉपर वापरा.

गजालीकार, रविवार, सकाळी 9:20

माका व्हिस्कीतला काय्येक कळना नाय. पण भाजावळीचो वास म्हटल्यावर बापाशीची आठवण इली. बाबा राखेत पाय घालून बघी, निवली काय नाय ता. तुमच्या आवशीक माझो नमस्कार सांगा.

पन्हाळवारा, रविवार, दुपारी 1:10

मी मूळचा कोल्हापूरकडचा, नोकरीमुळे रत्नागिरीत. भाजावळ मला ठाऊक नाही, त्यामुळे माकिर बेबद्दल तुमची ओळ वाचून मला काही दिसलं नाही. मग हे शब्द फक्त कोकणातल्या माणसाच्या कामाचे का?

बोल्ड मात्र माझ्याकडे आहे. काल रात्री तुमचं वाचून उघडली. मला ती थेट गुऱ्हाळात घेऊन गेली. चुलाणात चिपाडं जळताहेत, काहिलीत रस आटत आलाय, काकवीच्या पुढे आणि गुळाच्या अलीकडे. तुमच्या आईंना फणसाचं साठ दिसलं, मला काकवी. पण गोडवा आणि बाजूला जाळ, हे दोघांचंही सारखंच आहे.

जांभाचिरा, रविवार, दुपारी 2:00

पन्हाळवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. तुम्ही काकवी म्हणालात तेव्हा मला बोल्ड जास्त कळली. मी लहानपणी मामाकडे गुऱ्हाळ पाहिलंय. 'टॉफी' म्हटलं असतंत तर मी मान डोलावून पुढे गेलो असतो.

शब्द सगळ्यांना लागू व्हायला हवेत असं नाही. ते खरे हवेत, म्हणजे ज्याने लिहिले त्याच्या नाकाने तो वास कधीतरी प्रत्यक्ष घेतलेला असावा.

तांब्याचा हंडा, रविवार, दुपारी 3:45

बोल्डच्या गोडव्याबद्दल. भारतातली बहुतेक माल्ट सहा ओळींच्या (कणसावर दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या) बार्लीची, स्कॉटलंडमध्ये दोन ओळींची वापरतात. शिवाय आपली हवा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जातं, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीकडे हा आकडा 10 ते 12 टक्के सांगतात. हिशेब करून बघा: 200 लिटरचं पिंप, वर्षाला 10 टक्के घट, पाच वर्षांनी उरतात 118 लिटर. तिकडे 2 टक्क्यांनी बारा वर्षं ठेवलं तरी 157 उरतात. उष्णतेने लाकडातलं भराभर उतरतं, पण किंमत म्हणून एवढं हवेला द्यावं लागतं. अमृतने 2013 साली आठ वर्षांची व्हिस्की काढली तेव्हा नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं होतं, हावरे देवदूत.

म्हणून भारतीय माल्टवर वयाचा आकडा सहसा नसतो, आणि आकडा नाही म्हणून तिला कमी लेखणं चूक आहे. 12 किंवा 18 बघून खरेदी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वेशीवरचा वड, रविवार, रात्री 9:30

धागा आवडला, पण एक शंका. आईंना बाटल्या माहीत नव्हत्या हे ठीक, पण एकदाच वास घेऊन सांगितलेलं किती धरायचं? दुसऱ्या दिवशी तेच ग्लास आकडे बदलून दिले असते तर त्या तेच म्हणाल्या असत्या का?

दुसरं, आयलाच्या व्हिस्कीत 'समुद्राचा खारेपणा' येतो असं सगळीकडे वाचतो. गोदाम समुद्राकाठी आहे म्हणून पिंपात मीठ जातं म्हणे. मी गुहागरचा. आमच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने चार वर्षांत खाल्ले जातात. तरी घरातल्या बंद बरणीतलं लोणचं त्यामुळे खारट झालेलं मी पाहिलेलं नाही.

तांब्याचा हंडा, रविवार, रात्री 10:10

मीठ वाफेबरोबर वर जात नाही, त्यामुळे गाळताना ते येण्याचा प्रश्नच नाही. पिंपाच्या लाकडातून खारी हवा आत जाते का यावर लोक भांडतात. मला स्वतःला वाटतं, काही फिनॉलांचा वास आयोडिनसारखा, सुक्या मासळीसारखा येतो, आणि किनाऱ्यावरचं नाक त्याला लगेच समुद्र जोडून देतं. जीभ खारट झालेली नसते.

ओहोटी, रविवार, रात्री 10:25

हे अगदी पटलं. माकिर बे नाही प्यायले, पण आयलाचीच लाफ्रॉइग प्यायले तेव्हा मला वेंगुर्ल्याचं मासळी सुकवायचं खळं आठवलं होतं. कुणाला सांगायची लाज वाटली होती, लोक 'मेडिसिनल' म्हणत होते.

जांभाचिरा, रविवार, रात्री 10:50

वेशीवरचा वड, शंका रास्त आहे. या शनिवारी आकडे बदलून पुन्हा करतो. आईने होकार दिलाय.

बोंडू, सोमवार, सकाळी 11:00

थोडं विषयांतर. आपण आयलाच्या शेतावरच्या डिस्टिलरीचं कौतुक करतोय ते योग्यच आहे. पण दोडामार्ग-सावंतवाडीत हंगामात काजूच्या बोंडूंचा खच पडून कुजतो तो बघवत नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडूचा रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी होते, 2009 साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. शेत, फळ, भट्टी, बाटली सगळं एका गावात. ज्या गोष्टीसाठी आपण किलहोमनला मान देतो तीच इथे आहे. फेणीची पण अशीच चव घेऊन कुणीतरी लिहा. लोक नाकाला रुमाल लावतात तो वास मुळात पिकल्या बोंडूचा आहे, आणि तो मला लहानपणापासून आवडतो.

जांभाचिरा, सोमवार, दुपारी 12:15

मी घेईन. वेगळा धागा काढूया, तुम्ही सुरू करा. गोव्यातली फेणी आणायची तर परवान्याचं आधी बघा, सीमेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर बाटली हातात धरून समजावत बसायची वेळ नको.

शिडाची होडी, सोमवार, सायंकाळी 6:40

किलहोमन इकडे मिळते का? आणि विलायती बाटल्या स्वस्त होणार म्हणत होते त्याचं काय?

पन्हाळवारा, सोमवार, सायंकाळी 7:30

24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. व्हिस्कीवरची 150 टक्के आयात जकात आधी 75 वर आणि पुढे दहा वर्षांत 40 वर आणायचं त्यात ठरलंय. पण वर राज्याचं उत्पादन शुल्क असतंच, त्यामुळे बाटलीची किंमत त्याच प्रमाणात अर्धी होईल असं समजू नका.

घेताना एक काळजी घ्या. मी दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या दुकानातून महागाची बाटली घेतली. ती दुकानाच्या काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात, आडवी मांडलेली होती. घरी येऊन उघडायला गेलो तर बूच मधूनच तुटलं, अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून गाळली, पण चवीत ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी आलं होतं. सहा महिने पैसे साठवून घेतली होती. दुकानदाराने ऐकूनही घेतलं नाही.

तांब्याचा हंडा, सोमवार, रात्री 8:00

वाइन आडवी, व्हिस्की उभी. 46 टक्के अल्कोहोल सतत बुचाला लागलं की बूच भुसभुशीत होतं. आणि उन्हाने रंग-वास दोन्ही जातात.

आपल्याकडे आणखी एक: पावसाळ्यात बुचाच्या वरच्या भागावर बुरशी धरते. कपाटात ठेवा, बाटली प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळू नका, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने मान पुसा. बाटली अर्ध्याखाली आली की लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. आत हवा जितकी जास्त, तितका धूर लवकर मावळतो.

जांभाचिरा, पुढचा रविवार, सकाळी 9:15

काल रात्री दुसरी फेरी झाली. आकडे बदलले, क्रम बदलला, बहिणीने एक ग्लास दोनदा ठेवला आणि कुणालाच सांगितलं नाही. म्हणजे पाच ग्लास. यावेळी सगळ्यांत थोडं थोडं पाणी, 100 टक्के आयलाला दीड मिलिलिटर ड्रॉपरने.

आईने सॅनेग लगेच ओळखली, पुन्हा सोलंच म्हणाली. बोल्डला यावेळी साठ म्हणाली नाही, "भाजलेला फणस, आठळ्यांसकट" म्हणाली. दोनदा ठेवलेली माकिर बे होती. एकीला तिने भाजावळ म्हटलं, दुसरीला "हीसुद्धा तीच, पण सर पडून गेल्याला वेळ झाला." बहिणीने नंतर सांगितलं की तो ग्लास तिने वीस मिनिटं आधी ओतून ठेवला होता.

100 टक्के आयला मात्र चुकली. पाणी घातल्यावर धूर इतका वर आला की तिला ती माकिर बे वाटली. हंडासाहेब, तुमच्या ग्वायाकोलने तिला फसवलं. आम्हा तिघांनाही फसवलं. बिनपाण्याची तीच शांत, धान्याची वाटते आणि पाण्याने एकदम पुढे येते. चारांत आता माझी आवडती हीच. कमी धूर दिलेल्या घरच्या बार्लीला आधी धान्य बोलतं आणि मग धूर, हा क्रम इतर तिघींत नाही. बोल्ड दुसरी. सॅनेग मला एकटी प्यायला जड होते, पण तळलेल्या काजूंबरोबर सुंदर लागते. बापूकाकांचं मत उलटं आहे, त्यांना सॅनेगच हवी.

वही यावेळी वेगळी झाली. बापूकाकांनी 100 टक्के आयलासमोर लिहिलंय: 'गिरणीत पीठ गरम असताना'. भावोजींनी माकिर बेसमोर: 'कुर्ल्याच्या लोकलमधून उतरून गावच्या एसटीत बसलो त्या सकाळचा धूर'. हेदर कुणीच लिहिलं नाही.

ग्लास रात्री तसेच ठेवले होते, धुतले नाहीत. आज सकाळी आई धुवायला बसली, एकेक नाकाशी नेऊन बघत होती. मला हाक मारली. माकिर बेचा कोरडा ग्लास पुढे करून म्हणाली, "धूर गेला बघ. नुसतं खोबरं राहिलंय."